दिवसाचे तास आणि आयुष्याची वर्षे

कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि त्यांतून एक निवेदन तयार झाले. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या मोजक्याच होत्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, झालेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. त्यातली पहिली मागणी पदरात पडायला १० जून १८९० उजाडला. त्याआधी २४ एप्रिलला मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली होती आणि तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली होती.

तेव्हापासून आजपर्यंत हा वाद तासांभोवतीच फिरतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांबद्दलचे आणि रविवारीही कामावर बोलावण्याच्या इच्छेबद्दलचे बोलणे गाजले. दोन्ही वेळा खूप चर्चा झाली, विनोदही झाले, आणि गाडी अडली ती तिथेच: आठवड्याला तास किती?

हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंतची ३५-४० वर्षे डोळ्यांपुढे ठेवली, तर तो अर्धाच प्रश्न ठरतो. बाविसाव्या वर्षी दहा तास राबणे वेगळे आणि घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वडील असताना दहा तास राबणे वेगळे. आपल्या कायद्यांनी दिवस मोजला, आठवडा मोजला. आयुष्य मात्र मोजले नाही. ते मोजमाप घरोघरी ज्याचे त्याने करायचे असते, आणि त्यातली तूट बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या, नाहीतर तिच्याहून गरीब असलेल्या दुसऱ्या बाईच्या माथी येते.

तासांची लढाई

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांच्या कामाला मर्यादा घातली, तीही दिवसाला ९ तासांची. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुट्टी आणली. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मर्यादा पडली ती १९११ मध्ये, आणि ती होती १२ तास. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच कराराने जगासाठी ८ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरवला, पण ब्रिटिश हिंदुस्थानला ६० तासांची सवलत दिली. पुढे १९२२ च्या कायद्यात ६०, १९३४ च्या कायद्यात ५४ आणि शेवटी १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तास आले. हे दुरुस्ती विधेयक मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तीच मर्यादा कायम केली.

म्हणजे १२ तासांच्या दिवसावरून ४८ तासांच्या आठवड्यापर्यंत यायला पस्तीस वर्षे गेली. उलट दिशेचा प्रवास बराच सोपा दिसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० तास करण्याला मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहील आणि जादा कामाचे पैसे मिळतील, असे सरकारचे म्हणणे आहे. कागदावर ते बरोबर आहे. पण पाळणाघर, शाळा आणि शेवटची बस आठवड्याच्या हिशोबाने चालत नाहीत. तीन दिवस बारा-बारा तास केल्यावर चौथ्या दिवशी मिळालेली सवड आदल्या तीन संध्याकाळी कुलूप घातलेल्या पाळणाघराची भरपाई करत नाही.

जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गृहीतकही तपासून झालेले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कव्हेल यांनी शंभर वर्षांनी त्या पुन्हा अभ्यासल्या. ठरावीक तासांनंतर उत्पादनाची वाढ मंदावते. ७० तासांच्या आठवड्यात निघालेला माल ५६ तासांच्या आठवड्यापेक्षा फारसा जास्त नव्हता, असे त्यांना आढळले. रविवारची सुट्टी नसेल तर एकूण उत्पादनाला फटका बसतो, हेही दिसले. दुसरा पुरावा शरीराचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५-४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो. तिशीतल्या जागरणांचे बिल पन्नाशीत येते.

हजेरीपटाबाहेरची पाळी

तासांच्या या सगळ्या इतिहासात ‘काम’ याचा अर्थ पगाराचे काम एवढाच आहे. घरातल्या कामाला हजेरीपट नसतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०२४ ची वेळ-वापर पाहणी सांगते की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. शिवाय पुरुषांत मुळात घरकाम करणारेच साधारण चारांत एक आहेत. पाच वर्षांत, मधल्या लॉकडाउनसकट, घराची वाटणी जवळपास जिथल्या तिथे राहिली.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८९ मध्ये या कामाला ‘दुसरी पाळी’ म्हटले. आपल्याकडे ते सांगायला पुस्तकाची गरज नव्हती. गिरणगावाच्या भरभराटीच्या काळात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागी झोपायचे. त्याचे जेवण खानावळवाल्या बाईकडे, मुले आणि म्हातारे आईबाप गावाकडे बायकोच्या हवाली, आणि घराशी दुवा म्हणजे मनिऑर्डर आणि गणपती-शिमग्याची रजा. शेती, गुरे, सासू-सासरे आणि मुले सांभाळणाऱ्या त्या बाईचे श्रम गिरणीच्या कोणत्याही खात्यात जमा नव्हते, पण त्यांच्याशिवाय गिरणी एक दिवस चालली नसती. खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे या श्रमांना नाव आणि कर्ज मिळू लागले.

काम आणि घर यांच्यात भिंतच उरली नाही तर काय होते, हे बघायचे असेल तर ऊसतोडीच्या फडात जावे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली जोडपी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एकाने खाडा केला तरी पैसे कापले जातात. पहाटे अंधारात गाडी भरायला जायचे आणि परतल्यावर कोपीत चूल पेटवायची, ती बाईनेच. पाळी, बाळंतपण, आजारपण यांना या व्यवस्थेत जागा नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींनी गर्भाशय काढल्याचे आढळले. मागे राहिलेल्या मुलांसाठी साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे निघाली. ती आवश्यकच आहेत, पण त्यांच्यामुळे कोयत्याचा हिशोब बदलत नाही.

शहरी सुशिक्षित घरांनी या पेचातून वाट काढली ती पैसे मोजून. पोळी-भाजी केंद्र, पाळणाघर, स्वयंपाकाच्या मावशी, रात्रीच्या आजारसेविका. डोंबिवली-ठाण्याच्या असंख्य नोकरदार स्त्रियांचे करिअर यांच्या आधारावर उभे आहे. मात्र सकाळी सहाला घर सोडून चार घरची कामे करणाऱ्या मावशींची स्वतःची मुले कोण बघते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. साप्ताहिक सुट्टी आणि पगारी रजा मात्र अजून मालकिणीच्या मनावर आहे.

वयाप्रमाणे बदलणारा ताण

१९८५ मध्ये ग्रीनहाउस आणि ब्युटेल या संशोधकांनी काम आणि कुटुंबातल्या संघर्षाचे तीन प्रकार मांडले: वेळ पुरत नाही, एका ठिकाणचा ताण दुसरीकडे येतो, आणि एका ठिकाणी उपयोगी पडणारे वागणे दुसरीकडे नडते. डोनल्ड सुपर यांनी १९८० मध्ये आणखी महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. माणूस आयुष्यात मूल, विद्यार्थी, कामगार, पालक, गृहस्थ अशा अनेक भूमिका एकाच वेळी जगतो आणि वयाबरोबर त्यांचे वजन बदलते. तेव्हा एकाच मापाचा समतोल आयुष्यभर पुरणे शक्य नाही.

पहिली दहा वर्षे बहुतेकांना जड जात नाहीत. शिकायचे असते, जबाबदाऱ्या कमी असतात, उशिरापर्यंत थांबण्यात एक धुंदीही असते. अडचण अशी की पदोन्नतीची शिडी याच वयाच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहे, आणि ती चढायची असते नेमकी पुढच्या दहा वर्षांत, मुले लहान असताना.

२०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी यावर बोट ठेवले आहे. काही नोकऱ्या हावऱ्या असतात. ज्याला कधीही बोलावता येते, त्याला त्या प्रमाणाबाहेर जास्त पैसे देतात. मग जोडप्यातला एक जण अशी नोकरी धरतो आणि दुसरा घराच्या हाकेला उपलब्ध राहतो. दुसरी व्यक्ती बहुधा बायको असते. डेन्मार्कसारख्या सोयीसुविधांच्या देशातही पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते, असे हेन्रिक क्लेव्हेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले.

आपल्याकडे मातृत्व रजेचा इतिहास मोठा आहे. मुंबई प्रांताचा १९२९ चा प्रसूती लाभ कायदा देशातला पहिला. १९२८ मध्ये विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी खर्चाचा मुद्दा उपस्थित केला होता. लोकांच्या आरोग्याचे रक्षण हे राष्ट्रहिताचे काम असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, पण तोवर स्त्रियांच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तो सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. केंद्राच्या प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली आणि ५० कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. पण कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या स्त्रिया सोडल्या, तर सगळा खर्च मालकावरच राहिला. परिणाम अपेक्षित होता: लग्नाच्या वयाची मुलगी मुलाखतीला आली की छोटा उद्योजक मनातल्या मनात २६ आठवडे मोजू लागतो. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी क्षेत्रातल्या बापासाठी कायदाच नाही. आणि शेतमजूर बाईला पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये.

सरकारी नोकरीत जोडप्याचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा बदल्यांच्या मोसमातला परवलीचा शब्द आहे. दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरांहून जास्त अंतर असेल तर बदलीत प्राधान्य मिळते. कुटुंब एकत्र राहावे हे शासनाने मान्य केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. खासगी नोकरीत इतकेही नाही.

चाळिशी-पन्नाशीत मुले थोडी मोठी होतात तोच आईवडील म्हातारे होतात. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक १० कोटींहून अधिक होते. हा आकडा वाढतच जाणार. मूल आठ वर्षांचे झाले की हाताखालून निघते, हे तरी ठाऊक असते. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंची सेवा किती वर्षे चालेल, हे कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी कोणत्याही कायद्यात रजा नाही. २००७ च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली, पण ती निभावायला वेळ दिला नाही. पुण्यातल्या ज्या घरांतली मुले अमेरिकेत आहेत, तिथे ही सेवा व्हिडिओ कॉल, शेजारी आणि पगारी मदतनीस यांच्यावर चालते. नातवंडांच्या जन्माच्या वेळी हेच आईवडील सहा-सहा महिने तिकडे जाऊन पाळणाघराची जागा भरून आलेले असतात.

आणि मग एके दिवशी काम थांबते. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ५८ व्या वर्षी. १८८९ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन सुरू केले तेव्हा वय ७० ठरवले होते, आणि तिथवर पोचणारे थोडेच होते. आज आपल्याकडे साठीला पोचलेला माणूस सरासरी आणखी अठरा वर्षे जगतो. तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान श्वास घ्यायला फुरसत नाही आणि अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर वेळ खायला उठतो, ही मांडणी निसर्गाने केलेली नाही. खासगी क्षेत्रातल्या पेन्शनीत किमान मर्यादा २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर आहे. ज्यांची मदार तिच्यावरच, त्यांची निवृत्ती नावापुरतीच. वॉचमनची रातपाळी त्यांचीच वाट पाहत असते. घरातल्या बाईला तर निवृत्तीचे वयच नाही.

इतरांनी काय करून पाहिले

स्वीडनने १९७४ मध्ये मातृत्व रजेच्या जागी दोन्ही पालकांची रजा आणली. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवस मिळतात आणि त्यांतले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात. रजा सामाजिक विम्यातून मिळत असल्याने एकट्या मालकावर भार नाही. आता एकूण रजेचा जवळपास तीस टक्के वाटा बाप घेतात. राखीव दिवस येण्याआधी हा वाटा फार कमी होता, यावरून इच्छेपेक्षा नियम जास्त काम करतो असे दिसते. जर्मनीत मूल वाढवण्याची तीन वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशोबात धरली जातात, म्हणजे मुलासाठी घरी राहिलेल्या आईचे म्हातारपण त्यामुळे कोरडे पडत नाही.

आयुष्यभराच्या समतोलाचा सर्वांत थेट प्रयोग नेदरलँड्सने केला. २००६ मध्ये त्यांनी पगारातली बचत साठवून पुढे कधीही दीर्घ रजा घेता येईल अशी करसवलतीची योजना आणली. लहान मुलांच्या पालकांना तिचा फायदा होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे शिल्लक उरत होती त्यांनीच बचत केली, आणि बऱ्याच जणांनी ती लवकर निवृत्त व्हायला वापरली. २०१२ मध्ये योजना नव्या लोकांसाठी बंद झाली. ज्या वयात वेळेची चणचण असते त्याच वयात पैशाचीही असते, हा त्यातला धडा. स्वतःच्या बचतीवर सोपवलेला समतोल सुखवस्तूंच्याच वाट्याला येतो.

कामाचे तास कमी करण्याच्या प्रयोगांत फ्रान्सचा ३५ तासांचा आठवडा आणि आइसलँडमधले २०१५ ते २०१९ चे प्रयोग नावाजले गेले. कामानंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला. काही दिवसांतच कोविड आला आणि घर हेच कार्यालय झाले. घरून काम करण्याने हिंजवडीच्या रहदारीतले दोन-तीन तास वाचले, पण स्वयंपाकघरातून मीटिंगला बसणाऱ्या बाईच्या दोन्ही पाळ्या एकाच वेळी सुरू झाल्या.

हे सगळे हक्क ज्याला मालक आहे त्याच्यासाठी. नीती आयोगाच्या अंदाजाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला ‘हवे तेव्हा लॉग-इन कर’ असे सांगितले जाते. पण दिवाळीच्या संध्याकाळी जादा भत्ता असतो आणि हप्ता डोक्यावर असतो. त्याच्या वेळेचा तो मालक आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मग करायचे काय

वेळेचे नियोजन, पहाटे उठणे, फोन बाजूला ठेवणे हे सल्ले वाईट नाहीत. घराघरात करण्यासारखे बरेच आहे, विशेषतः पुरुषांनी: ८८ मिनिटांचा आकडा वाढवायला कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. पण आतापर्यंतचा अनुभव एकाच बाजूला बोट दाखवतो. जिथे भार समाजाने वाटून घेतला तिथे समतोल टिकला. जिथे तो व्यक्तीवर किंवा एकट्या मालकावर सोडला तिथे तो आणखी दुबळ्या खांद्यावर घसरला.

त्यातून चार गोष्टी निघतात. बाळंतपणाच्या रजेचा खर्च सामाजिक विम्यातून यावा. १९२८ मधला प्रश्न अजून उत्तराची वाट पाहतो आहे. बापासाठी राखीव, न घेतल्यास बुडणारी रजा असावी. आजारी आईवडिलांच्या सेवेसाठी थोडीफार तरी हक्काची रजा हवी. आणि निवृत्ती टप्प्याटप्प्याने घेता यावी, म्हणजे शेवटच्या काही वर्षांत काम कमी करून अनुभव पुढच्यांना देता येईल.

याखेरीज लगेच काय होऊ शकते, असे विचाराल तर माझे उत्तर अंगणवाडी आहे. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. इमारत आहे, गावात ओळख आहे, मुलांची नोंद आहे. त्यांतल्या बहुतेक दुपारपर्यंत बंद होतात, म्हणून शेतमजूर बाईला, बांधकामावरच्या बाईला आणि घरकाम करणाऱ्या मावशींना त्यांचा पाळणाघर म्हणून उपयोग नाही. त्या दिवसभर उघड्या ठेवल्या तर सर्वांत गरीब स्त्रियांच्या आयुष्यातली सर्वांत अडचणीची वर्षे सावरतील. अट एकच: अंगणवाडी सेविकेला आज पगार मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. वाढीव तास त्याच मानधनावर तिच्या गळ्यात मारले, तर एका बाईचा दिवस सोपा करण्यासाठी दुसरीचा दिवस लांबवण्याची जुनी रीतच आपण सरकारी खर्चाने चालू ठेवू. म्हणून अंगणवाडीची वेळ वाढवण्याचा निर्णय आणि सेविकेच्या वेतनाचा निर्णय एकाच आदेशात निघाला पाहिजे.